पाय काढताना

पंच्याण्णव सालची मर्सिडीज, केशर पडलेल्या दुधाच्या रंगाची,
मंठा चौफुलीला माझ्या शेडसमोर थांबली
तेव्हा टपरीवरचे तिघं उठून उभे राहिले,
जणू कलेक्टरच उतरणार.
उतरले सुगनचंद काला, जिनिंगवाले.
अनवाणी. गाडी ते अनवाणीच चालवतात,
सीटखाली हात घालून आधी चप्पल शोधली, मग बोलले,
"दाबली की पळते. पाय काढला की हिसके देते.
पुण्यात गिअरबॉक्स बदला म्हणाले.
आकडा तू ऐकूच नको."

मी ऐकला.
त्या आकड्यात माझं शेड येतं, शेडखालची जागा येते,
वर दोन म्हशी.

उस्ताद मुकर्रम म्हणायचे,
ओझं घेताना सगळ्याच गाड्या इमानदार असतात,
ओझं उतरवताना बघ लेकरा.
तेव्हा इंजिन चाकाला ओढत नाही, चाक इंजिनाला ओढतं,
आणि मधे जे जे सैल झालंय
ते या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटतं.

बॉनेट उघडलं, उदबत्ती पेटवली.
काला हात जोडायला लागले.
"पूजा नाही शेठ, धूर कुठं आत जातो ते बघतोय."
एका वाकणाशी धूर थबकला, वाकला, आत गेला.
करंगळीएवढा पाईप, चिरलेला. चाळीस रुपये.
थ्रॉटलच्या तोंडावरची काळी मळी
दात घासायच्या ब्रशनं काढली.
प्लग चारही एका रंगाचे, भाजलेल्या बिस्किटासारखे.
हिसका होता तिथंच.

मग खड्ड्यात उतरलो.
शाफ्ट दोन्ही हातांनी धरून पिळला.
टक्.
पुन्हा उलटा. टक्.
इंजिन आणि चाक यांच्यामधे बसलेलं रबराचं कपलिंग,
बोल्टाबोल्टामधे भेगा, टाचेला पडतात तशा.
तीस वर्षं दोघांचं ऐकून घेतलं,
हूं का चूं नाही.

नवीन रबर यायला चार दिवस लागले, एसटीच्या पार्सलातून.
बसवलं. स्टीलच्या ग्लासात पाणी भरलं,
दोन सीटांच्या मधे ठेवलं,
रामनगरच्या कारखान्यापर्यंत गेलो.
तिसऱ्यात पाय काढला, चौथ्यात काढला.
पाण्यावर नुसती सुरकुती.
"आता तुम्ही चालवा," म्हणालो आणि शेजारी बसलो.

पुलाच्या उतारावर अर्धा ग्लास माझ्या मांडीवर.
"देतेय ना अजून?" ते समोर बघून म्हणाले.

मी खाली बघितलं.
अनवाणी पाय पेडलवरून एका दमात सुटत नव्हता.
अंगठा थरथरायचा, जरा उठायचा, परत टेकायचा,
अनोळखी जिना अंधारात उतरावा तसा.
सैल काय आहे ते मला दिसलं
आणि त्याला माझ्याकडं पान्हा नव्हता.

"शेठ, पेडलची स्प्रिंग जरा कडक..."
"गणपत," ते म्हणाले, "तीस वर्षांत एकदा तरी
खोटं बिल लावायला शिकला असतास
तर आज नीट बोलता आलं असतं."

उसाच्या ट्रॉल्या जाऊ दिल्या.
गाडी कडेला घेतली, किल्ली तशीच ठेवली,
मागून वळसा घालून माझ्या दाराशी आले.
"सरक."

येताना ग्लास त्यांच्या हातात.
मी पाय काढला की ते पाण्याकडं बघायचे,
माझ्याकडं नाही.
डाव्या हातात ग्लास स्थिर होता. उजवा मांडीखाली दाबलेला.

डॉक्टरचं नाव मी बिलामागं लिहून दिलं.
चप्पल माझ्याच पायाखाली राहिली.
दुसऱ्या दिवशी ती न्यायला त्यांचा भाचा आला, पारस,
मर्सिडीज घेऊन. दारात येईपर्यंत दोनदा बंद पडली,
तिसऱ्यांदा उडी मारून थांबली.

क्लच सोडता येत नाही त्याला.
ते शिकवता येतं.